हिरव्या स्वेटरातली बाई

हे मी आजवर तोंडाबाहेर काढलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. मग तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असावं. दुसरं असं, की तुम्ही समोर आहात की नाही हे मला दिसत नाही. समोरचा आहे असं धरून चालायचं आणि मनातलं बोलून टाकायचं, हे करताना माणसाला काय वाटतं ते मला एकदा जाणून घ्यायचंय. का, ते पुढे येईलच.

गुन्हा म्हणाल तर कुठल्या कलमात बसणारा नाही. मी पाहिलंय शोधून. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. दुसऱ्यांच्या हिशेबाखाली सही करून 'यात दिसतं ते चित्र खरं आहे' असं जगाला सांगणं हा माझा धंदा. हसू आलं तर हसा. मलाही अधूनमधून येतं.

तर — नापास होण्यापासून सुरुवात करते.

मी माहेरची साताऱ्याची. नवरा फौजेत मेजर, आणि तेव्हा आमचं पोस्टिंग चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत होतं. सीएचा अभ्यास मी तीन गावं आणि तीन सरकारी घरं बदलत केलेला. शेवटच्या परीक्षेचा निकाल जानेवारीत लागला. एकेका पेपरात पास होते; पण सगळ्यांची बेरीजही निम्म्यावर जावी लागते, आणि ती तीन गुणांनी कमी पडली. सपशेल नापास होण्यात एक रुबाब असतो. तीन गुणांनी नापास होणं म्हणजे पंगतीत वाढपी आपल्या पानापर्यंत यावा आणि तिथेच जिलब्या संपाव्यात.

आमच्या युनिटच्या साहेबांच्या पत्नीला सगळ्याजणी 'मॅम' म्हणत. वयाने, हुद्द्याने आणि आवाजाने त्या मॅमच होत्या. महिलांच्या चहाच्या कार्यक्रमात त्यांनी माझ्या अपयशावर दोन शब्द बोलून घेतले. माझी जिद्द, माझी शिस्त, फौजी कुटुंबाचं रक्त वगैरे. टाळ्या झाल्या. माझ्या हातात एक रोप दिलं. नापास झाल्याबद्दल सत्कार झालेली त्या छावणीत मी पहिलीच असेन.

प्रणिता माझ्यासारखीच अडलेली. ती यवतमाळची, माझ्याहून चारेक वर्षांनी लहान. भाऊ हवाई दलात, त्याच्याकडे राहून शिकत होती. त्याची बदली झाली तेव्हा परीक्षा संपेपर्यंत म्हणून झिरकपूरला एका फ्लॅटमध्ये थांबली. बरोबरच्या दोघी नोकरी करणाऱ्या, दिवसभर बाहेर. आमची ओळख परीक्षेच्या केंद्रावर झाली. आसनक्रमांकांच्या यादीपुढे सगळी पंजाबी-हिंदी गर्दी, आणि माझ्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं, "काऊन भेव वाटून राहिलं बाप्पा इतकं?" मी वळून म्हणाले, "भीती? मला पण." ती दचकली आणि मग इतकी हसली, की परीक्षेवरच्या बाईंनी आम्हा दोघींना दटावलं.

तिचंही थोडक्यात गेलं. पण तिचं दुखणं माझ्याहून मोठं होतं. दोन पेपरांत तिला पूर्वी चांगले गुण होते, त्यामुळे ते पेपर तिला माफ होते. ही माफी काही ठरावीक परीक्षांपुरतीच टिकते, आणि तिची येत्या मे महिन्यात संपत होती. मे हुकला, की सगळं पहिल्यापासून. "आन् पयल्यापासून करायले मी राहणार नाही ताई," ती म्हणाली होती. "घरचे आता मोजून राहिले." काय मोजतायत हे मी विचारलं नाही. एकोणतीस वर्षांच्या मुलीच्या घरचे काय मोजतात?

चंडीमंदिर ते झिरकपूर अंतर फार नाही, पण हायवेवरच्या गाड्यांमध्ये सकाळ निघून जायची. म्हणून आम्ही ते करायला लागलो, जे हल्ली असे अडलेले बरेच विद्यार्थी करतात. सकाळी लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावायचा, आवाज बंद करायचा, आणि दिवसभर समोरासमोर बसून आपापलं वाचायचं. बोलायचं नाही. नुसतं असायचं. नियम प्रणिताने घातले. चेहरा आणि वही दोन्ही दिसायला हवीत. उठायचं तर हात वर करायचा. कॅमेरा बंद म्हणजे अभ्यास बंद. आणि मला म्हणून खास एक: "तुझं ते चहापाणी सोडायचं. नाहीतर मी दुसरी जोडीदार पाह्यते वं ताई. हसू नको, खरंच पाह्यते."

तुम्ही कधी असे बसला आहात? पहिले काही दिवस फार बरं वाटतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक वाकलेलं डोकं, मधला भांग, मागे पुस्तकांचं कपाट. पान उलटलेलं दिसतं, ऐकू येत नाही. मान वर केली की ते डोकं तिथे असतंच. नवरा एवढा समोर कधी बसला नव्हता. मग हळूहळू त्या चेहऱ्याचा माणूस राहत नाही. घड्याळाकडे बघावं तसं आपण तिकडे बघतो — आहे ना चालू? आहे. आणि तीही माझ्याकडे तसंच बघत असणार, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

चहापाणी सुटेना. कोणा मोठ्या साहेबांच्या पत्नी भेटीला येणार होत्या आणि स्वागताचं निवेदन माझ्याकडे. मॅमना 'अभ्यास आहे' सांगायचं धाडस मला झालं नाही. आणि प्रणिताला 'चहाला चाललेय' सांगायचंही झालं नाही. दोन बायकांना एकेक खरं वाक्य सांगायचं होतं. मी त्याऐवजी काय केलं ते ऐका.

लॉकडाऊनमध्ये शाळकरी पोरांनी शोधून काढलेली एक युक्ती आहे. या कॉलमध्ये आपल्या पाठीमागे खोटा देखावा लावता येतो — समुद्र, पुस्तकं, काय हवं ते. देखाव्याच्या जागी स्वतःचंच चित्रण लावायचं आणि आपण कॅमेऱ्यासमोरून उठून जायचं. मग खुर्चीत देखाव्यातले तुम्ही बसलेले दिसता. चित्रण संपलं की आपोआप पहिल्यापासून सुरू.

एका दुपारी छान ऊन होतं, नवरा युद्धसरावाला गेलेला, घरात मी एकटी. मी हिरवा स्वेटर घालून बसले आणि दीड तास स्वतःचा अभ्यास चित्रित केला. सुरुवातीला मान खाली, पेन वहीवर. शेवटीही तसंच — म्हणजे सांधा कळू नये. खरं सांगू? इतका सलग अभ्यास मी त्याआधी केला नव्हता. कॅमेरा चालू आहे म्हणून केला.

पहिल्यांदा गेले ती त्या स्वागतालाच. दोन तासांनी परत आले. दार उघडलं, आणि बैठकीच्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबले. आमच्या खोलीत नवऱ्याच्या काळ्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात त्याचं नाव आणि हुद्दा, खिडकीशी टेबल, टेबलावर लॅपटॉप. पडद्याच्या अर्ध्या भागात प्रणिता लिहीत होती. उरलेल्या अर्ध्यात हिरव्या स्वेटरातली एक बाई लिहीत होती. खुर्ची रिकामी होती. मी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले. मला — कसं सांगू — मला मध्ये जाऊन बसायचा संकोच वाटला. त्या दोघींचं छान चाललं होतं.

संध्याकाळी आवाज चालू करून प्रणिता म्हणाली, "आज लई मन लावून बसली होती तू. डोकं वर नाही केलं!" खऱ्या दिवशी तिने मला असं कधी म्हटलं नव्हतं. खऱ्या दिवशी म्हणायची, "किती चुळबुळ करते वं. मुंग्या लागल्या का?"

मग सवय झाली. आधी कार्यक्रमांसाठी. मग बाजारासाठी. मग दुपारी पडावं वाटलं म्हणून. स्वेटर तोच दिसणार, म्हणून मी सांगून टाकलं की हा माझा लकी स्वेटर आहे. तुम्हाला वाटेल, एवढी शिकलेली मुलगी विश्वास कसा ठेवेल? दुसऱ्यांदा बसणाऱ्यांची जात तुम्हाला माहीत नाही. प्रणिता स्वतः परीक्षेचा रुमाल धूत नसे. माझ्या ओळखीचा एकजण त्याच रिक्षावाल्याला शोधत हिंडायचा, ज्याच्या रिक्षातून तो पास झालेल्या पेपराला गेला होता. तिने लगेच मानलं. उलट विचारलं, "धूत तर नाही ना?"

एकदा मात्र मी गोठले. जानेवारीच्या शेवटी दाट धुकं पडलं. झिरकपूरच्या तिच्या खिडकीत नुसता पांढरा पडदा, दिवसा दिवे लागलेले. आणि माझ्या मागच्या भिंतीवर? — सोनेरी ऊन. ते मी विसरलेच होते. मी परत आल्यावर तिने विचारलं, "तुमच्याकडे ऊन पडलं का वं दिवसभर?" मी म्हणाले, आम्ही डोंगराच्या पायथ्याशी, इकडे धुकं कमी. ती म्हणाली, "वा रे वा. मिलिट्रीले ऊनही राशनमधून भेटते." आणि पुन्हा खाली मान घालून लिहायला लागली. माझ्या खिडकीबाहेर समोरचं झाडसुद्धा दिसत नव्हतं.

तेव्हा सांगून टाकता आलं असतं. हसत हसत. ती चिडली असती, दोन दिवस बोलली नसती, मग हसली असती. ती वेळ तशीच होती. मी पुस्तक उघडलं.

आता तो दिवस. मार्चची सुरुवात, बाहेर उकडायला लागलेलं, आणि पडद्यावरची बाई अजून स्वेटरात. क्लबात 'टाकाऊतून टिकाऊ'ची स्पर्धा होती आणि मी परीक्षक. प्लास्टिकच्या चमच्यांचा एक मोर होता, फार भयानक होता, आणि तो करणाऱ्या बाई मॅमच्या खास मैत्रीण होत्या. मॅमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मोर पहिला आला. काकडीचं सँडविच खाल्लं, फोटो काढले, घरी आले.

पडद्यावर प्रणिताची खुर्ची रिकामी होती. टेबलावर वही उघडी, पेन आडवं. असं ती कधी करत नसे. हात वर केल्याशिवाय ती उठत नसे. मी स्वेटर अंगात अडकवला, देखावा काढला आणि घाईने माझ्या जागेवर बसले. थोड्या वेळाने ती आली. तोंड धुऊन आलेली, डोळे लाल. तिचा आवाज चालू होता. तो आधीपासूनच चालू होता, हे मला तेव्हा दिसलं. म्हणजे ती बोलली होती. माझ्या रिकाम्या खोलीत, ट्रंकांना, भिंतींना, त्या बाईला उद्देशून — किती वेळ, देव जाणे — बोलली होती.

"थँक्यू ताई," ती म्हणाली. "तू बोलली नाही ते बरं केलं. बोलली असती तर मी लढली असती. तू मान हलवली, मले तेवढं पुरे झालं."

 तुम्ही काय केलं असतं? 'कशाबद्दल बोलतेस?' — एवढाच प्रश्न विचारायचा होता. पण तो विचारला की सगळंच उघडं पडणार. मी म्हणाले, "अगं, त्यात काय." ऐकलंत? मी कशाला हो म्हणून बसले होते हे मला माहीत नव्हतं आणि मी म्हणाले, त्यात काय.

तिने हात जोडले आणि कॉल बंद केला. त्या दिवशी अभ्यास लवकर संपला.

मग मी ते चित्रण पाहिलं. सलग पहिल्यांदाच पाहिलं. आधी फक्त सुरुवात आणि शेवट जुळतात का ते बघितलं होतं. बाई लिहिते. पान उलटते. कानामागे केस सारते. आणि मग, मध्याच्या जरा पुढे, ती मान वर करते. सरळ कॅमेऱ्यात बघते — म्हणजे तुमच्याकडेच बघते — आणि सावकाश, मायेने, दोनदा मान हलवते. जणू कुणी फार अवघड काहीतरी विचारलंय आणि तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलंय. मग पुन्हा खाली बघून लिहायला लागते.

मी ते कितीदा पाहिलं असेन. मला आठवेना. मी कशासाठी मान हलवली होती? घरात कुणी नव्हतं. फोन वाजला नव्हता. एखादं उदाहरण सुटलं असेल — असेल. पण उदाहरण सुटल्यावर माणूस असं बघतो? मी आयुष्यात कुणाकडे इतक्या समजूतदारपणे पाहिल्याचं मला आठवत नाही. तो चेहरा माझा होता आणि मला त्याची ओळख पटत नव्हती. आणि मग हेही ध्यानात आलं, की गेला दीड महिना ती प्रत्येक फेरीत एकदा अशी मान हलवत आलीय. कुणी काही विचारो न विचारो. त्या दिवशी प्रणिताचा प्रश्न आणि तिची वेळ जुळून आली.

प्रश्न काय होता, ते चार-पाच दिवसांत कळलं. आधी तिच्यामागचं कपाट रिकामं व्हायला लागलं. मी पाहत होते. रोज एक फळी कमी. मी विचारलं नाही. मग तिच्या भावाने फोनवर कळवलं. मुलगा पुसदला ज्युनिअर कॉलेजात शिकवणारा. लग्न एप्रिलमध्ये. परीक्षा मेमध्ये.

चंडीगडला सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यावर तिला पोचवायला गेले. दिल्लीपर्यंत बस, पुढे रेल्वे. दोन सुटकेसा, एक पोतं पुस्तकांचं, आणि ती — परीक्षेच्या केंद्रानंतर पहिल्यांदाच मी तिला पूर्ण उंचीत पाहत होते. मला आठवत होतं त्यापेक्षा ती बुटकी निघाली. कंडक्टर 'दिल्ली, दिल्ली' ओरडत होता. ती पोत्यावर बसली आणि स्वतःहूनच बोलायला लागली.

"पोरगं चांगलं आहे ताई, असं काही नाही. पण त्याइचं म्हणणं, परीक्षेचं लग्नानंतर पाहू. आता 'पाहू' म्हणजे काय, ते आपल्याले समजते. मी रडून राहिली होती त्या दिवशी. आवाज चालू केला, म्हटलं ताईले विचारू. तू लिहून राहिली होती. मी म्हटलं, ही पाह्य कशी बसते. घंटा घंटा डोकं वर नाही करत. आन् मी? मले दर दहा मिनटाले उठावं वाटते. माझ्यानं नाही होत वं. आपण तुझ्यासारख्या नाही. मंग विचारलं तुले, सोडून देऊ का? जाऊ का मी? आन् तू वर पाह्यलं."

ती थांबली. तिला वाटलं असेल, पुढचं मला माहीत आहे.

समजलं ना तुम्हाला? नुसती मान नव्हती. मान तर शेवटी हलली. त्याआधी दीड महिना ती रोज एका अशा बाईकडे बघत होती, जिला तहान लागत नाही, कंटाळा येत नाही, जिच्या भिंतीवरचं ऊन ढळत नाही. तिच्याशी स्वतःला ताडून पाहत होती. आणि रोज कमी पडत होती. जिच्यापुढे तिने हार मानली ती बाई नव्हतीच. अशी बसणारी मी आयुष्यात फक्त दीड तास होते.

बस सुटायला वेळ होता. मे महिना अजून दोन महिने लांब होता. तिची माफी शाबूत होती, तिचा परीक्षेचा अर्ज भरलेला होता, लग्नाचा हॉल तिच्या भावाने अजून ठरवायचा होता. मी म्हणू शकले असते: प्रणिता, ती मी नव्हते. मी तेव्हा चमच्यांच्या मोराला नंबर देत होते. मी दहा मिनिटं बसत नाही, तूच बसतेस. पुस्तकं परत फ्लॅटवर घेऊन चल.

मी तिला पाण्याची बाटली आणि बिस्किटांचे पुडे घेऊन दिले. शीख ड्रायव्हर चढला, तिने खिडकीतून माझा हात धरला. "तू पास हो ताई. तुझ्यासारखी मेहनत मी कोणाची नाही पाह्यली." बस गेली. मी हात हलवत राहिले. तेवढं मी स्वतः केलं.

मला का बोलता आलं नाही? — याची उत्तरं मी खूप तयार केली आहेत. ठरलेलं लग्न मोडेल. ती आधीच अर्धी तयार होती. माझ्या बोलण्याने तिचं मन उलट जास्त मोडेल. सगळी सुबक आहेत, आणि मी ती आता तुमच्यापुढे मांडत नाही. तिच्या नजरेत मी जी होते, ती बाई मला आवडायला लागली होती. तेवढी एकच मला कष्टाळू समजत होती. मला ती जागा सोडवेना.

पुढचे दोन महिने मी एकटीने काढले. बसवेना. समोर कुणी नसलं की उठावंसं वाटे. मग मी एक गोष्ट केली — ही सांगायची नव्हती, पण आता राहिलंय काय. मी लॅपटॉपवर तेच चित्रण लावायला लागले. ती समोर लिहायची, मी इकडे लिहायचे. ती पान उलटायची, मी उलटायचे. मार्च गेला, एप्रिल तापला, पंखा गरगरत होता, आणि ती तिथे स्वेटरात, जानेवारीच्या उन्हात. मान वर करायची तिची वेळ जवळ आली की माझं वाचन आपोआप थांबे. मी तिच्याकडे बघत नसे. खाली बघून वाट पाहत असे, तिचं होऊन जाईपर्यंत. एकदा नवऱ्याने दारातून विचारलं, "कोणाशी बोलत होतीस?" मी म्हणाले, कुणाशी नाही. मी बोलत होते का? मला खरंच माहीत नाही.

लग्नाला गेले नाही. परीक्षेचं कारण सांगितलं. ते तिला पटलं. तिच्या दृष्टीने माझ्यासारखीने जाऊच नये.

मी पास झाले. चांगली पास झाले. मेसमध्ये केक कापला, वर साखरेत माझं नाव आणि त्याच्या आधी दोन अक्षरं. मॅम बोलल्या. शिस्त, जिद्द, आणि 'ज्या बाईला मी कधी मान वर करताना पाहिलं नाही' — हे त्यांनी कुठून काढलं कोण जाणे, त्यांनी मला कधी अभ्यास करताना पाहिलंच नव्हतं. मी उभी राहून टाळ्या घेतल्या. आम्ही पुढे दुसरीकडे गेलो, मग आणखी कुठे. चित्रण मी पुसलं. पुसताना तो दिवस नेमका लक्षात राहू नये म्हणून आणखीही बरंच काही पुसलं.

प्रणिता पुसदला आहे. तिला एक मुलगी आहे. नवरा वाईट नाही; असं ती म्हणते आणि मला ते खरं वाटतं. ती घरी दहावी-बारावीच्या शिकवण्या घेते. परीक्षेचं 'पाहू' पाहण्यातच राहिलं. सणासुदीला तिचा फोन येतो, मुलीचे फोटो येतात, मी फोनवरूनच बदाम आणि फुलांची चित्रं पाठवते.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. सण नव्हता. दुपारची वेळ. मागे मुलगी कशावर तरी ताट वाजवत होती. इकडचं तिकडचं झालं. तिच्या शिकवणीतली एक मुलगी सीएची पहिली परीक्षा पास झाली होती, पेढे घेऊन आली होती. ते सांगून ती मुलीवर ओरडली, "ठेव वं ते खाली!" आणि मग म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावू नको."

मी म्हणाले, विचार.

"तेव्हा तू मान हलवली ना. ते विचार करून हलवली होती ना? का असंच?"

हा फोन साधा होता. पडदा नव्हता, देखावा नव्हता. एका टोकाला ती आणि दुसऱ्याला मी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने जे विचारलं ते मला ऐकू येत होतं, आणि उत्तर द्यायला मी जागेवर होते.

"विचार करून," मी म्हणाले. "खूप विचार करून, प्रणिता."

तिने श्वास सोडला. बराच वेळ धरून ठेवलेला असावा. "मंग ठीक आहे," ती म्हणाली. "मी म्हटलं, विचारून घ्यावं एकदा. मंग ठीक आहे." आवाज मोकळा झाला होता. मुलीला जेवायला घालायचंय म्हणाली, आणि फोन ठेवला.

तिला बरं वाटावं म्हणून बोलले असं मला म्हणता येईल. ऐकणारा मानेलही. पण ती श्वास धरून बसली होती हे मला कळलं ते उत्तर दिल्यानंतर. दिलं तेव्हा मी फक्त घाबरलेली होते.